उघड्या अंगणाची लाज

गावात माझ्याबद्दल एक वाक्य पाच वर्षं फिरतंय. "कंडक्टर तण पेरतोय." डेअरीच्या रांगेत, चावडीवर, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, कुठंही माझा विषय निघाला की कोणीतरी हे म्हणतो आणि बाकीचे हसतात. हसणाऱ्यांचा मला राग नाही. त्यांची हयात ज्वारी-बाजरीतला कुर्डू उपटण्यात गेली आणि मी रिटायर होऊन घरापुढं तोच कुर्डू पेरतोय, म्हणजे हसण्यासारखं आहेच. मीही इतके दिवस त्यांच्याबरोबर हसत होतो. पण गेल्या दोन वर्षांत त्यातल्या तिघांच्या दारात लॉन आलं. तेव्हा आता हसणं थांबवून दोन शब्द सुनवावेत म्हणतो. लॉन म्हणजे काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. गावातलं पहिलं लॉन माझं होतं.

मी माणदेशचा. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडं चांगल्या वर्षी जेमतेम पाचशे. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आमच्याकडं येतो तो वारा. जो काही पाऊस येतो त्यातला मोठा वाटा मृगात येत नाही, उत्तरा-हस्तात येतो. म्हणून आमची खरी ज्वारी रब्बीची. पावसाळा संपल्यावर ओलीवर पेरायची आणि थंडीच्या दवावर पिकवायची.

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. म्हसवड, दहिवडी, आटपाडी, सांगोला, जत अशी सगळी कोरडी गावं खिडकीतून बघितली. गाडी बंद पडली की प्रवासी ड्रायव्हरला शिव्या देत आणि मी रस्त्याकडेला उतरून गवतात बघत उभा राही. जिथं माणूस राहायला नको म्हणतो, तिथं मुरमात सप्टेंबर संपताना किती रंग उभे असतात हे मी तेव्हा बघितलं. बघितलं एवढंच. शिकलो काहीच नाही.

आईच्या वेळी बाग हा शब्द आमच्या घरात नव्हता. परडं होतं. माळवदाच्या घरामागं दहा-बारा हात रुंद तुकडा, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. त्यात ती पावसाच्या आधी बी फेकायची. कुर्डू, पिवळी तिळवण, कारळा, गावठी झेंडू, आणि पावसाळा सरता सरता कडेनं जवस आणि करडई. काही खायला, काही देवाला, काही नुसतं डोळ्याला. नवरात्रात घटावर चढायची ती कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ याच परड्यातली. कुर्डूची कोवळी पानं भाजीला जायची आणि राहिलेली झाडं गुडघ्याच्या वर जाऊन गुलाबी तुरे काढायची. तुरा खालून वर फुलत जातो, आणि फुललेला भाग हळूहळू चांदीसारखा पांढरा होतो. परड्याला तिनं कधी घागर ओतलेली मला आठवत नाही. मोरीचं सांडपाणी होतं, ते एका कढीलिंबाला. बाकीच्यांबद्दल विचारलं तर म्हणायची, "पावसाचं पावसानं हुतंय. मी कोण पानी घालनारी?"

बी ठेवायची पद्धतही तिची होती. दुध्या भोपळ्याचा वाळवलेला तुंबा तुळईला टांगलेला. त्यात चुलीतली चाळलेली राख, आणि राखेत फडक्याच्या गाठी. एकेका गाठीत एकेक बी. दर वर्षी झाडावरचं निम्मं बी ती काढायची आणि निम्मं तिथंच गळू द्यायची. १९७२च्या दुष्काळात आमच्या घरातली सगळी भांडी गहाण पडली, आई-बाप दोघं खडी फोडायला गेले, पण तुंबा तुळईलाच होता. हे मला तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. आणि तरी पुढं जे केलं ते केलं.

२०१६ साली मी रिटायर झालो. आई तीन वर्षं आधीच गेलेली. जुनं माळवद पाडलं. जेसीबीनं एका सकाळीत भुई सपाट केली. ट्रॉली भरताना पोरानं तुंबा दाखवला आणि विचारलं, "आबा, हे काय करायचं?" मी मोबाइलवर सिमेंटवाल्याशी बोलत होतो. हातानंच खूण केली, टाक. पांढऱ्या मातीचा सगळा ढीग शेताच्या बांधावर नेऊन ओतला, तुंब्यासकट.

नव्या घरापुढं मी लॉन केलं. त्याचं खरं कारण सांगतो, कारण या सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे. मुलीला बघायला पुण्याकडची माणसं आली होती. माणसं चांगली होती, आजही चांगली आहेत. पण गाडीतून उतरताना त्यांच्यातल्या एक बाई सहज म्हणाल्या, "इकडं सगळं फारच उघडं-बोडकं आहे ना हो!" मार्च महिना होता. मार्चमध्ये माणदेश उघडाबोडकाच असतो. पण मला असं वाटलं की कोणी माझ्या अंगावरचं कपडं ओढलं. लग्न ठरलं आणि मी पहिलं काम काय केलं असेल, तर लॉनवाल्याला फोन. सातारहून हिरव्या गवताचे चौकोनी तुकडे टेंपोतून आले. तीस फूट बाय दहा फूट. एका दिवसात दार हिरवंगार. मी खुर्ची टाकून बसलो आणि स्वतःला मोठा माणूस समजलो.

२०१८ साली पाऊस रुसला. २०१९च्या उन्हाळ्यात गावात टँकर सुरू झाले, तालुक्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. आमची बोअर जानेवारीतच गेली. मग मी लॉनसाठी पाणी विकत घेऊ लागलो. पैशाचं होतं, चोरीचं नव्हतं. हे मी स्वतःला रोज सांगत होतो.

शेजारी आमच्या नानी राहतात. नात्यानं चुलती, वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढं. त्यांच्याकडं दोन शेळ्या. एका सकाळी मी पाइप धरून उभा होतो आणि नानी रिकामी घागर घेऊन टँकरच्या रांगेकडं चालल्या होत्या. थांबल्या. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बापू, तुजं गवात लई भाग्याचं हाय रं. माज्या शेळीपरास. त्येला पानी बी मिळतंय, कापायला मानूस बी येतो. शेळीला तेवडं तोंड लावू देत न्हाईस."

मी पाइप बंद केला नाही. नानी जाईपर्यंत धरून उभा राहिलो, म्हणजे मला काही लागलं नाही असं दिसावं. त्या दिवसाची लाज अजून आहे.

रात्री वहीत हिशेब मांडला. कंडक्टरला दुसरं काय येतं! एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. माझं लॉन अठ्ठावीस चौरस मीटर. उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायचं तर रोजचं पाच मिलिमीटर तरी लागतं, म्हणजे एकशे चाळीस लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर नऊ घागरी. रोज. चार महिन्यांत सतरा हजार लिटरच्या आसपास, म्हणजे पाच हजारांचे तीन टँकर आणि वर थोडं. तीन टँकर मी अशा गवतावर ओतले जे शेळी खात नाही, देव घेत नाही, आणि ज्यावर मी स्वतः चप्पल घालून चालत नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद केलं. बारा दिवसांत ते पिवळं पडलं, महिन्यात काथ्या झाला.

त्याच साली ऑगस्ट-सप्टेंबरात दोन-चार पाऊस बरे झाले. बांधावर गेलो तर जुन्या घराच्या मातीच्या ढिगावर गुलाबी तुरे उभे. कुर्डू. त्याच्या बुडाशी पिवळी तिळवण, पान चिकट, वास उग्र, शेंगा मुगासारख्या आभाळाकडं तोंड केलेल्या. तुंब्यातलं बी होतं की परड्यातल्या मातीत आधीच पडलेलं, ते मला सांगता येणार नाही. पण होतं आईच्याच हातचं. तीन वर्षं त्या ढिगाला कोणी विचारलं नव्हतं. मी तिथंच बसलो आणि बी गोळा करायला लागलो. शर्टाच्या खिशात.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडं दुष्काळात टिकणारं झाड म्हटलं की माणूस काटेरी, जाड कातडीचं, कसंबसं तग धरून उभं असलेलं झाड डोळ्यापुढं आणतो. ही एक तऱ्हा झाली. तरवड तसा आहे, बाभूळ तशी आहे. पण एका हंगामाच्या रानफुलाची तऱ्हा निराळी. ते दुष्काळाशी कुस्ती खेळतच नाही. पाऊस पडला की उगवायचं, ओल आहे तोवर घाईनं फुलायचं, बी धरायचं आणि उन्हाळा यायच्या आत मरून जायचं. कडक उन्हात ते झाड नसतंच. असतं फक्त बी, आणि बियाला पाणी लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून शहाणपणाची. रानातलं बी सगळं एका पावसावर भाळत नाही. पहिल्या पावसाला काही उगवतं, काही मातीत गप्प राहतं, काही तर पुढच्या वर्षावर जातं. २०२३चा ऑगस्ट आठवा. १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. जुलैत उगवलेली माझी कुर्डूची रोपं वीतभर होऊन करपली. गावातल्या विकतच्या बियाण्याच्या पेरण्याही करपल्या, आणि लोकांना पुन्हा पिशव्या विकत घ्याव्या लागल्या. सप्टेंबरात पाऊस आला तेव्हा माझ्या वाफ्यात मी काहीही न टाकता दुसरी खेप उगवून आली. उधारीवर घ्यावं लागलं नाही. पिकाचं बियाणं एकदम उगवावं लागतं, शेताचं गणित तसं असतं, त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण अंगणाला ती सक्ती नाही. अंगणात तरी आपण या मातीचं शहाणपण वापरू शकतो.

करायचं काय, ते सांगतो. माझ्या चुकांसकट.

पहिल्या वर्षी मी दोन ट्रॉली शेणखत घातलं. झाडं माझ्या छातीपर्यंत गेली, पाला रग्गड, फुलं मोजकी, आणि वाऱ्यात सगळी आडवी. खतातून आलेलं तण वेगळं. या फुलांना खत नको. मुरमाड, निकस जमीन हीच त्यांची जमीन. आणि खोल खणूही नका. जितकं खणाल तितकं खालचं जुनं तणाचं बी वर येतं.

पहिल्या पावसाला पेरायची घाई करू नका. तो पाऊस तणाला द्या. आठ-दहा दिवसांत तण वर आलं की खुरप्यानं वरच्यावर खरडून काढा, आणि मग दुसऱ्या पावसाच्या तोंडावर बी टाका. कुर्डूचं बी काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक. नुसतं फेकलं तर एका जागी ढीग होतो. एक मूठ बियाला पाच-सहा मुठी कोरडी वाळू मिसळा, निम्मं उभं फेका, निम्मं आडवं. वर माती ओढायची नाही. पायानं किंवा फळीनं दाबायचं, बस्स. खोल गाडलं तर ते उगवत नाही. वर बाभळीच्या चार फांद्या आडव्या टाका, कोंबड्या आणि चिमण्या लांब राहतात. कारळ्याचं बी जरा मोठं, त्याला बोटाच्या पेराएवढी माती चालते.

सगळं बी एकदम टाकायचं नाही. निम्मं घरात. पाऊस लबाड आहे.

दुसरी पेरणी उत्तरा-हस्ताच्या पावसानंतर. जवस आणि करडई. जवसाचं फूल निळं, सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. उशिरा उठणाऱ्याला ते दिसत नाही. करडईचं मूळ माणसाच्या उंचीइतकं खाली जातं, म्हणून ती वरच्या मातीला भेगा पडल्या तरी केशरी फुलं घेऊन उभी राहते. आणि काटे असल्यानं कुंपणाचंही काम करते. आमची म्हातारी माणसं ज्वारीच्या कडेनं करडई घालत ती गुरं आत शिरू नयेत म्हणून. शोभा आपोआप.

या सगळ्याला माझं पाणी किती लागतं? उगवण झाल्यावर लांब खंड पडला तर एखाददुसरी बादली, तीही धुण्याची. रोज थोडंथोडं पाणी घातलं तर मूळ वरच रेंगाळतं आणि मग झाड खरोखरच पाण्याला सोकावतं. परतीच्या पावसाचे शंभर मिलिमीटर पडले, तर त्या लॉनच्या तुकड्यावर दोन हजार आठशे लिटर पाणी फुकट पडतं. फुलं तेवढ्यावर भागवतात.

आता "तण पेरतोय" या आरोपाचं उत्तर. होय, कुर्डू शेतात तण आहे. माझं शेतही मी खुरपतोच. पण ज्वारीत कुर्डू वाईट म्हणून दारातही वाईट, हा कुठला न्याय? गाय गोठ्यात चांगली आणि देवघरात वाईट, म्हणून गाय वाईट होत नाही. माझा वाफा शेताला लागून नाही. बी पिकलं की तुरे पिशवीत कापून घेतो, गळू देतो ते वाफ्यातच. नानीच्या शेळ्या मधूनमधून आत सोडतो, त्या जास्तीचं खाऊन टाकतात. लॉनमध्ये त्यांना मज्जाव होता, इथं त्या माझ्या मजूर आहेत.

आणि ज्यांना बांधावरचं प्रत्येक फूल तण दिसतं, म्हणून जे तणनाशकाचा पंप घेऊन बांध जाळत सुटतात, त्यांना एकच विचारतो. कारळ्याला माशीशिवाय दाणा धरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सूर्यफुलाची, भोपळ्याची, कांद्याच्या बियांची गोष्ट वेगळी नाही. शेताचा हंगाम नसतो तेव्हा त्या माशीनं काय खायचं? तुमचं लॉन?

शहरातल्या वाचकांशी माझं भांडण दुसरं आहे. त्यांना रानफूल आवडायला लागलंय, ही चांगली गोष्ट. पण आवडलं की ते दुकानात शोधतात. मुलीनं हौसेनं मला एक पाकीट आणून दिलं, वर लिहिलेलं, रानफुलांचं मिश्रण. चित्रात लाल फुलांचं सबंध कुरण. हे कुठलं रान, असं मी विचारलं तर तिला सांगता येईना. पेरलं. त्या चित्रातलं एकही फूल आलं नाही. आला तो फक्त केशरी कॉसमॉस, आणि तो असा आला की पुढच्या वर्षी वाफ्याबाहेर, रस्त्याच्या कडेला, ओढ्यापर्यंत. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्यांच्या कडा आणि टेकड्या केशरी दिसतात, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात आणि खाली लिहितात, आपली रानफुलं. ती आपली नाहीत आणि आपल्या गवताला जागा ठेवत नाहीत.

आता कोणी म्हणेल, झेंडूही मेक्सिकोचाच, मग तो कसा चालतो? बरोबर आहे, आणि कारळासुद्धा आफ्रिकेतून आलेला. मी कोणाचा जन्मदाखला बघत नाही. झेंडू शेकडो वर्षं आपल्या दारात आहे, पण तो दारातच राहिला, डोंगर चढला नाही. प्रश्न वागण्याचा आहे. नाहीतर नुसतं पाणी न मागता बियापासून आपोआप येणारं फूल हवं असेल, तर गाजरगवतासारखं दुसरं नाही! तेही एका हंगामाचं, तेही पांढरं फुलतं, तेही मुरमात येतं. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज ते नाही असं गाव दाखवा. खाज, दमा, सगळं देऊन बसलंय. म्हणून माझा नियम साधा आहे. ज्याचं नाव ठाऊक नाही ते पेरायचं नाही. जे घरातलं ताट, देवारा किंवा शेळी यातलं कोणीच ओळखत नाही, ते पेरायच्या आधी दहा वेळा विचार करायचा.

दुसरा एक उद्योग म्हणजे कासचं बी. मुलगी-जावयानं मला कासच्या पठारावर नेलं. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आहे. बघून डोळे भरले, हे खोटं कशाला सांगू? पण परतताना गाडीतल्या एकानं रुमालात बांधलेलं बी दाखवलं आणि म्हणाला, "आबा, तुमच्या माळावर टाका, तिथंपण कास होईल." मी त्याला रुमाल सोडून ते बी तिथंच, रस्त्यावरून परत पठारावर नेऊन टाकायला लावलं. कासच्या कातळावर पावसाळाभर पाणी झिरपत असतं. गेंद, सीतेची आसवं ही त्या झिरपत्या पाण्याची फुलं. माणदेशात ती आठवडा काढणार नाहीत. आणि हजार माणसांनी एकेक रुमाल नेला तर कासवरही राहणार नाहीत. ज्या मातीचं बी त्या मातीला. आमच्या माळाला कास करायची गरज नाही. त्याला माळच राहू द्या.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावं, असं मुलगी विचारते. आठव्या मजल्यावरच्या कुंडीत पाणी घालावंच लागणार, मूठभर माती लवकर वाळते. तरी फूटभर खोल कुंडीत कारळा आणि कुर्डू छान येतात. पण खरी जागा खाली आहे. सोसायटीच्या भिंतीकडेची ती हातभर पट्टी, जिथं दर महिन्याला कुंपणासारखी झुडपं कापतात आणि रोज पाइप सोडतात. मुलीनं तिथं परवानगी काढून बी टाकलं. ऑगस्टात लेखी तक्रार आली, तण वाढलंय, डास होतील. साठलेलं पाणी असतं तिथं डास होतात, हे पाइप सोडणाऱ्यांना कोण सांगणार? ती मागं हटली नाही. दसऱ्याला त्याच तक्रारवाल्या काकूंनी माळेसाठी फुलं मागितली.

राहता राहिला शेवटचा आक्षेप. तो खरा आहे, म्हणून मी टाळत नाही. डिसेंबर-जानेवारी सरला की माझं अंगण उघडं पडतं. करडईचे वाळके काटे, कुर्डूच्या काड्या, मधे मुरूम. पाच-सहा महिने तिथं काहीही नसतं. पाहुणा आला तर त्याला दाखवायला हिरवं पान नाही.

असू दे. मी आता त्याबद्दल कोणाची माफी मागत नाही. आपल्याला शाळेत चित्र काढायला शिकवलं तेव्हा घर, घरामागं डोंगर, बाजूला नदी आणि पुढं हिरवं गवत काढायला शिकवलं. माणदेशातल्या पोरांनीही तेच चित्र काढलं. हिरवं म्हणजे सुखाचं, पिवळं म्हणजे दळिद्र, हे तेव्हाच डोक्यात बसलं. मग हातात चार पैसे आले की आपण पहिल्यांदा ती लाज झाकायला बघतो, आणि झाकायला वापरतो ते शेजारणीच्या घागरीतलं पाणी. कोरड्या मुलखानं उन्हाळ्यात कोरडं दिसावं यात लाज कसली? लाज वाटायला हवी ती एप्रिलमध्ये हिरव्या दिसणाऱ्या अंगणाची. तिथं कोणीतरी विचारायला हवं, हे पाणी कुठलं?

या वर्षी माझ्याकडं कॅलेंडरच्या पानांच्या चाळीसेक पुड्या बांधून तयार आहेत. प्रत्येकीवर बियाचं नाव आणि काढल्याचा महिना. राख आता चुलीची मिळत नाही, शेजारच्या वीटभट्टीवरून आणतो. तुंबा तेवढा मिळाला नाही, वेल लावलाय. ज्याला हवी त्यानं पुडी न्यावी. पैसे नकोत. अट एकच, पुढच्या वर्षी याच वेळी एक पुडी परत आणून द्यायची, तुमच्या अंगणातल्या बियाची. गेल्या वर्षी अकरा जणांनी नेल्या, चौघांनी परत आणल्या. बाकीच्या सात जणांची नावं माझ्या वहीत आहेत. कंडक्टर सुट्टे पैसे विसरत नाही.

नानी यंदा ऐंशी पार झाल्या. गेल्या महिन्यात आल्या, पायरीवर बसल्या, उघड्या अंगणाकडं बघत राहिल्या. म्हटलं, आता बोलतील काहीतरी. बोलल्या ते एवढंच, "बापू, मिरगाला यंदा बी मी फेकणार. तुजा हात लई दाट पडतोय."